एक पूजेला, एक कामाला

पांढऱ्या फळ्यावर एक चौकोन काढला की मला बरं वाटतं. शेजारी दुसरा काढला आणि दोघांना जोडणारी रेघ ओढली, की मग समोरचा चहा गार झाला तरी कळत नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही. घरीही नाही, कंपनीतही नाही. पण यंदा श्रावण संपता संपता चिंचवडच्या आमच्या ऑफिसातल्या फळ्यासमोर मी असा काही बोलत सुटलो होतो, की शेजारच्या केबिनमधून कुणीतरी उठून दार लोटून घेतलं.

निमित्त होतं दुसऱ्या सर्व्हरचं.

आमची कंपनी गाड्यांच्या दरवाजांची कुलपं आणि बिजागऱ्या बनवते. जुना कारखाना चिंचवडला, नवा चाकणला. आमच्या वेबसाइटवर कुणी हौसेनं येत नाही, पण ती बंद पडली तर दोन्ही गेटवर ट्रक उभे राहतात. मालाचं चलन त्या साइटवरून निघतं. गेटवरचा माणूस ट्रकचा नंबर टाकतो, चलन छापून येतं, ड्रायव्हर ते खिशात घालतो आणि निघतो. चलन नाही तर ट्रक नाही. गाड्या बनवणारे आमचे ग्राहक माल साठवून ठेवत नाहीत. आलेलं कुलूप त्याच दिवशी दरवाजात बसतं. आमचा ट्रक अडला की त्यांची गाड्या जोडायची लाइन अडते. आणि लाइन अडणं म्हणजे आमच्या या पट्ट्यात घरात मयत झाल्यासारखं असतं. फोन करणारा हळू आवाजात बोलत नाही, एवढाच फरक.

हे सगळं इतकी वर्षं एकाच सर्व्हरवर चाललं होतं. टूलरूमच्या मागच्या खोलीत, एसीखाली ठेवलेली एक काळी पेटी. ती मी सांभाळायचो.

तिच्या जोडीला दुसरी पेटी चाकणला बसवायची, काम दोघींत वाटायचं आणि एक पडली तर दुसरीनं सगळं उचलायचं, हा बेत ठरला तो आमच्या विभागातल्या एका इंजिनिअर मुलीमुळे. ती लातूरकडची. ताथवड्याला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होती. मागच्या वर्षी ती पर्मनंट होणार हे जवळजवळ नक्की होतं, ते राहिलं. का राहिलं ते सांगायलाच मी हे लिहायला बसलोय, येतो त्यावर. या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे दोन्ही कारखान्यांच्या प्रमुखांनी, तिला स्वच्छ सांगितलं होतं, "दोन सर्व्हरचं काम उभं करून दाखव. माझ्यासमोर एक बंद करायचा, आणि गेटवर ट्रक थांबता कामा नये. जमलं तर दसरा झाला की तुझ्या पत्रावर सही करतो. नाही जमलं तर कॉन्ट्रॅक्ट संपतंय, ते मी वाढवू शकणार नाही."

पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "हे लोड बॅलन्सिंग म्हणजे काय ते मला साध्या भाषेत सांग बघू."

ती म्हणाली, "सर, आपलं कँटीन घ्या. वाढायच्या दोन खिडक्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत सगळे पहिलीवर तुटून पडतात, कारण ती दाराजवळ आहे. दुसरीवरचा माणूस माश्या मारत बसतो. दारात एकाला उभा करायचा. तो सांगणार, तू इकडे जा, तू तिकडे जा. तो लोड बॅलन्सर."

"आणि एका खिडकीवरचा भात संपला तर?"

"ते त्याला कळलं पाहिजे. खिडकी उघडी दिसते म्हणून माणसं पाठवत राहिला तर काय उपयोग? त्यानं सारखं आत डोकावून विचारायचं, आहे ना भात?"

"आणि दारातलाच माणूस तंबाखू मळायला गेला तर?"

"म्हणून दारात दोघं, सर."

साहेब खदखदून हसले आणि माझ्याकडे वळले. "काय राव, इतकी वर्षं तुम्ही मला हे असं का नाही सांगितलंत?"

मीही हसलो.

त्यानंतरचे दिवस फार मजेत गेले. मजा हा शब्द मी विचार करून वापरतोय. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कामात अशी मजा क्वचित मिळते. बेत आखायचा म्हणजे करायचं काय, तर जे जे मोडू शकतं ते ते मनात मोडून बघायचं. चिंचवडची वीज गेली. बरं, चाकण चालू आहे. चाकणचं इंटरनेट गेलं. बरं, चिंचवड चालू आहे. आता दोन्ही पेट्यांकडे माहिती तर एकच हवी. ट्रक चिंचवडहून गेला आणि चाकणची पेटी म्हणते तो अजून उभाच आहे, असं चालणार नाही. म्हणून एकीकडे मुख्य डेटा, दुसरीकडे त्याची क्षणाक्षणाला होणारी नक्कल. मुख्य पडली की नकलेनं मुख्य व्हायचं. इथवर सोपं आहे.

"पण सर," ती म्हणाली, "दोन्ही पेट्या जिवंत आहेत आणि फक्त मधली वायर तुटली तर?"

मी हातातलं मार्कर खाली ठेवलं. दोघींनाही वाटणार, दुसरी गेली, आता मीच मुख्य. एका घरात दोन कारभारी. दोघी आपापलं लिहीत बसणार आणि संध्याकाळी कुणाचं खरं मानायचं हे देवालाही सांगता येणार नाही.

ती फळ्यावर दूर एका कोपऱ्यात तिसरा, बारीकसा चौकोन काढायला लागली. "पंच ठेवू. बाहेर भाड्यानं घेतलेल्या डेटा सेंटरमध्ये, दारातले दोघं जिथं असणार तिथंच. भांडण झालं तर पंचापर्यंत जिचा हात पोचेल ती मुख्य. दुसरीनं गप्प बसायचं."

मी खरोखर टाळी वाजवली.

आणखी एक सांगतो. आम्ही चाकणसाठी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं होतं. एक गेलं तर दुसरं. कागदावर झकास. ही बाई एका दुपारी उन्हात कारखान्याच्या कंपाउंडबाहेर रस्त्याकडेनं चालत गेली आणि परत येऊन म्हणाली, "सर, दोन्ही वायरी एकाच चरातून आल्यात. जेसीबी एका घासात दोन्ही खाईल." आमच्याकडे रस्ता कुठे ना कुठे खणलेलाच असतो. एक वायर मागच्या बाजूनं, खांबांवरून आणवली. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे सगळं हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला?"

पण फळ्यावर एक चौकोन असा होता, की त्याच्याकडे नजर गेली की माझं बोलणं बंद व्हायचं. तिनं ठरवलं होतं की प्रोग्रॅममध्ये कुठलाही बदल केला तर तो आधी एकाच सर्व्हरवर टाकायचा, आणि दुसऱ्यावर आठवडाभर जुनाच प्रोग्रॅम चालवायचा. त्यामुळे सगळ्यात गुंता झाला होता. नवा प्रोग्रॅम एक तऱ्हेनं लिहिणार, जुना दुसऱ्या तऱ्हेनं, आणि दोघांचं जुळवायला मधे आणखी तीन चौकोन. मी एकदा विचारलं, "हे एवढं कशाला?"

"मागच्या वर्षी माझ्या बदलानंच सर्व्हर पडला ना, सर. परत तसं झालं तर?"

मी म्हणालो, "हं."

आता ते सांगतो.

मी या क्षेत्रात टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथून आलो. तिथं खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रं थांबवतात, पुसतात, त्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार. चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही. ते त्या दिवशी विश्रांतीला असतं. मी सर्व्हरच्या खोलीत आलो तेव्हा ही रीत बरोबर घेऊन आलो. दरवर्षी खंडेनवमीला सकाळी खोलीचं दार आतून लावायचो, सर्व्हरचं बटण दाबून धरायचो, पंखे थांबले की कुंकू लावायचो, हात जोडायचो, परत चालू करायचो. पाचेक मिनिटांचा मामला. तसं दाबून बंद करू नये, आधी डेटाबेस वही मिटतात तसा रीतसर मिटवावा, हे मी इतरांना शिकवतो. पण नीट बंद करायला आणि उठवायला वेळ लागतो, आणि मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कारखाना त्या दिवशी बंदच. आणि तो दरवर्षी निमूट उठायचा.

मागच्या वर्षी उठला नाही. आमच्या परराज्यातल्या एका ग्राहकाकडे नवमीला काम चालू होतं, त्यांचे ट्रक गेटवर भरून उभे होते. डेटाबेस अर्ध्यात तुटला होता. तो दुरुस्त होईपर्यंत दुपार झाली, आणि तिकडे त्यांची लाइन थांबली. या मुलीनं आदल्याच संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये एक बदल टाकला होता. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

आमच्या पट्ट्यात काही बिघडलं की 'व्हाय-व्हाय' करतात. म्हणजे एका बिघाडाला पाच वेळा 'का' विचारायचं, खाली खाली जात मूळ कारणापर्यंत पोचायचं. ते व्हाय-व्हाय मीच घेतलं. सर्व्हर का पडला? मी विचारलं आणि तीच म्हणाली, "माझ्या बदलामुळे असेल." मी दुसरा 'का' विचारला नाही. तिची पर्मनंट व्हायची फाइल त्या आठवड्यात परत आली. आधी ती धडाधड काम करायची; त्यानंतर साधं एक अक्षर बदलायचं तरी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "सर, एकदा बघाल का?" मी बघायचो. "ठीक आहे" म्हणायचो.

यंदा भाद्रपदात आम्ही दोघं चाकणला दुसरी पेटी बसवायला गेलो. तिथला इलेक्ट्रिशियन जवळच्याच गावचा, बोलघेवडा. पेटी रॅकमध्ये बसली, दिवे लागले, चिंचवडच्या पेटीनं तिला ओळखलं, आणि आमचं फळ्यावरचं चित्र पहिल्यांदा स्क्रीनवर जिवंत झालं. दोन हिरवे ठिपके. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि जीभ चावली. "सॉरी सर." मला इतका आनंद झाला होता की मी तिला परत थाप मारणार होतो.

तेवढ्यात इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, येक ध्यानात ठेवा. खंडेनवमीला मी समदं बंद करनार हाय. मेन पॅनेल, यूपीएस, समदं. पूजा केल्याबिगर चालू न्हाई करायचं."

"अहो भाऊ, यूपीएस कशाला? सर्व्हर असतो त्याच्यावर."

"मग सर्व्हरची पूजा न्हाई व्हय करायची? त्यो काय परका हाय का?"

ती हसायलाच लागली. "पूजा करा हो, चालू असताना करा. पूजेसाठी सर्व्हर बंद करणारा माणूस मी अजून बघितला नाही. इतकं येडं कोण असेल?"

इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, तुमीच सांगा आता."

मी म्हणालो, "बघू नंतर."

परतीच्या वाटेवर मोशीच्या अलीकडे गाड्या थांबल्या. नेहमीच्याच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कंपन्यांच्या बसमध्ये झोपलेली शिफ्ट सुटलेली माणसं. ती शेजारच्या सीटवर मोठ्यानं विचार करत होती. चाकणचा सर्व्हर पूजेला बंद असला तरी चिंचवडचा आहेच, त्यामुळे काही बिघडत नाही, वगैरे. आणि मला आमचा तो सुंदर बेत पूर्ण दिसला. दोन पेट्या, दोन ठिकाणची वीज, दोन वायरी, दारात दोघं, वर पंच. आणि खंडेनवमीच्या सकाळी, एकाच मुहूर्ताला, दोन्हीकडे दोन भाविक माणसं दोन बटणं दाबून उभी. एकीकडे तो, एकीकडे मी.

मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि सांगितलं. सगळं. पुढच्या बसकडे बघत सांगितलं.

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "दाबून धरलंत? डेटाबेस चालू असताना?"

"हो."

"आधी काहीच मिटवलं नाही?"

"नाही."

"म्हणजे माझा प्रोग्रॅम चालू होता!" तिनं डॅशबोर्डवर तळहात आपटला. "सर, आदल्या संध्याकाळपासून तो चालू होता! नीट चालू होता! मी तेव्हाच म्हणत होते मनात, चूक कुठंय ते सापडत कसं नाही. वर्षभर शोधते आहे मी. नव्हतीच! सर, चूक नव्हतीच त्यात!"

ती हसत होती. डोळे चमकत होते. मला तिच्याकडे बघवेना. तिनं मोबाइल काढून लगेच बेताचं चित्र उघडलं, जुन्या प्रोग्रॅमचा तो चौकोन आणि त्याच्यामागचे तीनही पुसून टाकले. "बघा किती सुटसुटीत झालं," असं म्हणाली, आणि मग तिला उरलेलं कळलं असावं.

"व्हाय-व्हाय तुम्हीच घेतलं होतंत," ती म्हणाली.

"हो."

गाड्या हलल्या. चिंचवड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "साहेबांना उद्या सांगायचं. माझ्यासमोर. आणि तोवर माझ्याशी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"हार घालायला सर्व्हर बंद केलात?"

"चालू यंत्राला कुंकू लावत नाहीत, साहेब."

"ते मला शिकवता? मीही शॉप फ्लोअरवरूनच वर आलोय." त्यांचा आवाज चढला. "दरवर्षी करत होता?"

"दरवर्षी उठायचा."

"आणि ही पोरगी वर्षभर..." ते थांबले. "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही तर तोंड उघडतच नाही, मला वाटायचं सज्जन माणूस आहे."

मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आता काय, पूजाच बंद करायची का? चाकणचा तो गडी ऐकणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं नाही वाटणार."

"पूजा करायची, सर." ती रात्रभर विचार करून आली होती हे दिसत होतं. "दोन्ही सर्व्हरची करायची, बंद करूनच करायची. पण एका वेळी एकाची. एक पूजेला, एक कामाला. आधी चाकण, मग चिंचवड. नवमीला ट्रक निघणार आहेतच. तुम्हाला एक बंद करून बघायचा होता ना? तीच परीक्षा."

साहेब पुढे सरकले. मला त्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसलं जे फळ्यासमोर माझ्या चेहऱ्यावर असायचं. "आणि चिंचवडचं बटण कोण दाबणार?"

"हे दाबतील," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मागच्या वर्षी दाबलं तसंच. काहीही न मिटवता, दाबून धरून. नीट बंद केलेल्या सर्व्हरवर परीक्षा कशाला घ्यायची? खरा पडतो तसा पडू दे."

आम्ही त्या नवमीची तयारी लग्नासारखी केली. बोलायचं ते कामापुरतं बोलायचो, पण काम करताना दोघंही विसरून जायचो. एखादी जुळणी नीट बसली की ती "येस!" म्हणून माझ्याकडे वळायची, मग आठवायचं, मग परत स्क्रीनकडे. मी ते समजून होतो. तरीही सांगतो, ते दिवस चांगले होते.

खंडेनवमीच्या सकाळी कारखाना धुतलेला, प्रत्येक मशीनला हार, सगळीकडे झेंडूचा आणि ऑइलचा मिसळलेला वास. सर्व्हरच्या खोलीत साहेब, ती, मी, आणि दारात उभे राहिलेले टूलरूमचे चारदोन लोक. दोन्ही गेटवर त्या परराज्यातल्या ग्राहकाचे ट्रक. मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून चाकणचा इलेक्ट्रिशियन, नवा शर्ट घालून.

"भाऊ, नारळ सर्व्हरपासून लांब फोडा!" ती ओरडली.

"मॅडम, तेवढी अक्कल हाय आमाला. करू का सर्व्हर बंद?"

"करा!"

स्क्रीनवर चाकणचा ठिपका लाल झाला. दारातल्या दोघांनी, म्हणजे आमच्या लोड बॅलन्सरांनी, आत डोकावून पाहिलं असणार, कारण चाकण गेटवरच्या माणसाचा फोन आला, "चलन निघतंय, मॅडम. काही फरक न्हाई." तो माणूस चाकणला उभा होता आणि त्याचं चलन चिंचवडची पेटी काढत होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. टूलरूमवाले टाळ्या वाजवायला लागले. इलेक्ट्रिशियननं आमच्या नव्या पेटीला कुंकू लावलं, हार घातला आणि तिला परत चालू केलं.

"चला, आता आपली," साहेब म्हणाले.

"नाही सर. थांबायचं."

"का? झाला की चालू तो."

"चालू झालाय, पण मधल्या वेळात निघालेली चलनं त्याला माहीत नाहीत. नक्कल पूर्ण होऊ दे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त टळेल गं."

"टळू दे, सर. नक्कल पूर्ण झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही."

साहेबांना असं कुणी बोलत नाही. त्यांनी बाही घड्याळावर ओढून घेतली. आम्ही सगळे एका पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे बघत उभे होतो. ती भरली. चाकणचा ठिपका हिरवा झाला.

"दाबा," ती म्हणाली. सर म्हणाली नाही.

मी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. पंखे थांबले. खोली एकदम शांत झाली. ही शांतता मला दरवर्षीच्या ओळखीची होती, पण आजवर मी ती एकट्यानंच ऐकली होती. आता दाराशी माणसं होती.

चिंचवडच्या गेटवरच्या माणसाचा फोन स्पीकरवर होता. "मॅडम, फिरतंय."

"काय फिरतंय?"

"स्क्रीनवरचं ते गोल गोल. नुसतं फिरतंय. ट्रकवाला शिव्या घालतोय."

तिचं सगळं लक्ष पंचाकडे होतं. आता चाकणच्या पेटीनं पंचाला विचारायचं, मुख्य गेली का? पंचानं म्हणायचं, गेली. मग तिनं नक्कल असणं सोडायचं आणि मुख्य व्हायचं. हे आम्ही रंगीत मार्करनं किती वेळा काढलं असेल. प्रत्यक्षात तो वेळ संपेना.

"मॅडम, आता परत पासवर्ड मागतंय!"

मला वाटलं, बुडालो. पण ती जवळजवळ किंचाळली, "टाका! टाका की! विचारतंय म्हणजे उठलंय!"

टकटक, टकटक. मग प्रिंटरचा आवाज, स्पीकरमधून, खरखरत. "निघालं! चलन निघालं!" मग ट्रकचा हॉर्न, आणि तो तर स्पीकरची गरज नसताना थेट भिंतीतून ऐकू आला. ती खुर्चीवरून उडाली. टूलरूममधल्या एकानं गणपतीत देतात तशी आरोळी दिली. साहेबांनी मेलेल्या पेटीला इतक्या घाईनं कुंकू लावलं की अर्धं सदऱ्यावर पडलं. मी हसत होतो आणि माझा अंगठा अजूनही बटणावरच होता. कुणीतरी तो काढला.

पेटी उठायला खूप वेळ लागला, मागच्या वर्षीइतकाच. तिचा डेटाबेस परत अर्ध्यात तुटला होता. या वेळी कुणालाही घाई नव्हती. आम्ही पेढे खाल्ले.

दसरा झाल्यावर मला मेमो मिळाला. वाचला, सही केली. दोन्ही सर्व्हरचा ताबा माझ्याकडून तिच्याकडे गेला, तो मी त्याच दिवशी दिला. त्याच आठवड्यात तिचं पत्र आलं. पर्मनंट, पण पत्राच्या तारखेपासून. मागचं वर्ष धरावं म्हणून मी लेखी दिलं होतं, साहेबांनीही शब्द टाकला होता; ते झालं नाही. गेलेलं वर्ष कंपनी देऊ शकत नाही असं उत्तर आलं.

ती पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, अभिनंदन करावं. ती म्हणाली, "बाहेर या जरा."

व्हरांड्यात तिनं लातूरला आईला फोन लावला. पत्र आल्याचं तिनं सांगितलं, पलीकडून आनंदाचा गलका झाला, कुणीतरी कुणाला हाका मारल्या. मग ती म्हणाली, "आई, मागच्या वर्षीचं एक राहिलंय. आमचे सर सांगतील." आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. बटण, डेटाबेस, हे शब्द त्या बाईंना नवे होते, पण 'चूक माझी होती आणि मी गप्प बसलो' एवढं त्यांना बरोबर कळलं.

त्या म्हणाल्या, "लेकरू वर्षभर नीट जेवलं न्हाई, साहेब. दिवाळीला आलं तर निस्तं मोबाइलात डोकं घालून बसायलं. म्हणायलं, माझी चूक सापडना."

"हो."

"तुमचं वय काय हो?"

"बावन्न."

"मग एवढ्या वयाला भ्यालाव कुणाला? नोकरी जाती का काय वाटलं?"

नोकरी गेली नसती. ते मला तेव्हाही माहीत होतं. साहेबांना मी कारण सांगितलं नव्हतं, तिलाही नाही, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. त्या बाईंनी विचारलं. ती समोर, खांबाला टेकून उभी होती.

"नोकरीला नाही," मी म्हणालो. "तुमची मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती. सगळे तसं म्हणायला लागले होते. तिची चूक निघाली तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"आं?" पलीकडे पोरांचा दंगा चालला होता. "जरा मोठ्यानं बोला, साहेब. ऐकू येईना."

मी तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. मी परत सांगितलं, मोठ्यानं.